विनातिकीट

एकतीस वर्षं देवरुख डेपोत
लोकांना तिकीट विचारलं.
झोपलेल्यांना, झोपेचं सोंग घेतलेल्यांना,
पिशवीत कोंबडा दाबून बसलेल्यांना,
गाडी आंबा घाटाच्या वळणावर कलंडत असताना
दोन पायांवर, दांडी न धरता.

निनाद म्हणाला, बाबा, दुबईत कंडक्टर नसतो.
हे कार्ड. चढताना टेकवायचं, उतरताना टेकवायचं.
उतरताना विसरलात
तर मशीन धरून चालतं
की तुम्ही गेलात पार शेवटपर्यंत.
म्हटलं, आमच्याकडे उलट.
साखरप्याचं तिकीट काढून
माणूस पार शेवटपर्यंत जाऊ बघायचा.

कार्ड चंदेरी. आत वीस दिरहम.
मनात तेविसाचा पाढा म्हटला
आणि खिशाला बटण लावलं.

अल कुसैसला बस आली.
ड्रायव्हर काचेआड, मान वळवत नाही.
लोक चढतात. पीप. पीप. पीप.
सुट्ट्यांवरून भांडण नाही,
"उतरताना देतो की" नाही,
अर्धं तिकीट पडू नये म्हणून
आईने गुडघ्यात वाकवलेलं पोरगं नाही.
एसी असून मला घाम आला.
हात मधूनच खांद्याकडे जायचा,
बॅग सरकली की काय बघायला.

चौथ्या थांब्यावर तो चढला.
कडक इस्त्री, गळ्यात ओळखपत्र.
मशीन दिसायच्या आधीच ओळखला मी.
लाइन चेकिंगचा माणूस
जगात कुठेही
पहिल्यांदा मागच्या दाराकडे बघतो.

मी ऐटीत कार्ड पुढे केलं,
धंद्यातल्याने धंद्यातल्याला दाखवावं तसं.
त्याने मशीन लावलं. पुसून पुन्हा लावलं.
"चाचा, टॅप नहीं किया."

पुढच्या बाईची पीप
मी माझी समजलो होतो.

सांगणारच होतो.
बिल्ला क्रमांक, नोकरीची वर्षं,
एकदाही कॅश कमी भरली नाही ते.
जिभेवर आलं आणि ओळखीचं वाटलं.
हे सगळं मी ऐकलेलं आहे.
कुणाचा मेव्हणा फौजदार,
कुणाची आई रत्नागिरीला सिव्हिलमध्ये,
आणि मुर्शीचे ते निवृत्त मास्तर,
नुसतेच चष्मा पुसत राहिलेले.
पाहणी पथकाला मीच बोट दाखवलं होतं.
त्यांचंही चुकूनच झालं असणार.

दोनशे दिरहम.
तेविसाचा पाढा तिथवर नेला नाही.
निनादने अडीअडचणीला दिलेली नोट
पाकिटाच्या चोरकप्प्यातून काढली.
पावती आली. मी वाचली:
तारीख, वेळ, गाडी, रक्कम. सगळं जागच्या जागी.
"बरोबर आहे," म्हटलं. मराठीतच.
तो क्षणभर थांबला.
पावती वाचणारा माणूस त्याला रोज भेटत नसावा.

देऱ्याला उतरलो. कार्ड टेकवलं,
पीप आली तरी एकदा खात्री केली.
मागचा माणूस काहीतरी पुटपुटला, मल्याळीत.

खाडी ओलांडायला लाकडी होडी.
अब्रा म्हणतात. भाडं एक दिरहम,
कार्ड नको, नाणं द्या.
मधल्या खड्ड्यात उभा राहून एक म्हातारा
पायाने सुकाणू सांभाळतो,
हात मोकळे ठेवतो पैशांसाठी.
माझ्या बाकावर नऊ माणसं.
टोकावरच्या नेपाळी पोराने आपलं नाणं
शेजाऱ्याकडे दिलं, शेजाऱ्याने माझ्याकडे,
आणि मी, काय झालं कोण जाणे,
वळून बाकीच्यांपुढे तळहात धरला.
एकाने पाचाची नोट दिली. चार परत केले.
"पाहुणे, तुमचं?"
त्या सूटवाल्याला काय कळलं असेल,
पण त्याने खिसा चाचपला.

नऊ झाले. माझा धरून.
ओंजळ म्हाताऱ्याच्या हाती दिली
आणि उजवा हात आपोआप वर गेला,
छताला दोरी नव्हती.

म्हाताऱ्याने नाणी अंगठ्याने सरकवत
पुन्हा मोजली.
मोजायलाच हवीत.